चिमटा कुणाच्या हातून पडला?

खोकल्याच्या औषधाची बाटली संपत आली की झाकणाच्या आट्यांवर साखरेचा कडक थर बसतो. झाकण फिरवताना तो करकरतो. लेबलही तोवर ओघळांनी चिकट झालेलं असतं, आणि त्यावरची सगळ्यात बारीक अक्षरं, बॅच नंबर, परवाना क्रमांक, कारखान्याचा पत्ता, पुसट होऊन गेलेली असतात. ती घरात कुणी वाचत नाही. वाचली तर शेवटची तारीख, आणि मूल खोकून खोकून रडत असेल तर तीही नाही. एक चमचा, वर घोटभर पाणी, पाठीवरून हात.

2025 च्या सप्टेंबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यातली लहान मुलं नागपूरच्या दवाखान्यांत येऊ लागली. आधी साधा सर्दी-ताप, मग लघवी बंद, मग डायलिसिस. वीसहून अधिक मुलं गेली. त्यांना दिलेलं खोकल्याचं औषध तपासलं तेव्हा त्यात डायइथिलिन ग्लायकॉल 48 टक्क्यांहून जास्त निघालं. चालतं ते 0.1 टक्का. हा कारखान्यात वापरायचा द्रव, स्वस्त आणि गोड. मुलांनी तोंड वाकडं करायचंही कारण नव्हतं. औषध बनलं होतं तमिळनाडूत. पण कारखान्याच्या मालकाच्या आधी पोलिसांच्या गाडीत बसला तो औषध लिहून देणारा गावचा डॉक्टर.

आमच्या घरात त्या संध्याकाळी दोन तट पडले. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टरने काय प्रत्येक बाटली चाखून बघायची होती?" भाऊ म्हणाला, "आणि मुलं आजारी पडायला लागल्यावरही तेच लिहून देत राहिला असेल तर?" दोघांचंही खरं होतं. वहिनींच्या प्रश्नात दया होती, भावाच्या प्रश्नात न्याय, आणि दोघांपुढे कागद मात्र एकच, सकाळचं वर्तमानपत्र.

तेव्हापासून मला प्लेगची लस करणारा हाफकिन आठवत राहिला. प्लेग म्हटलं की मराठी माणसाला रँड आठवतो, गणेशखिंडीचा रस्ता आठवतो, चापेकर आठवतात. हाफकिन आठवतो तो परळच्या संस्थेच्या फाटकावरचं नाव म्हणून. आचार्य दोंदे मार्गावरून केईएम, वाडिया, टाटा असं करत पुढे जाणाऱ्या हजारो नातेवाइकांपैकी कुणी त्या फाटकाशी थबकत नाही. थबकावं कशाला? हातात रिपोर्टची पिशवी असते आणि पेशंटच्या जेवणाची वेळ झालेली असते.

वाल्डेमार हाफकिन ओडेसाचा, ज्यू, पेशाने प्राणिशास्त्रज्ञ. 1896 मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी प्लेग ओळखला आणि त्याच वर्षी हाफकिनला मुंबईत आणलं गेलं. जे. जे. रुग्णालयाच्या आवारातल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला तुटपुंजी जागा मिळाली. तिथे त्याने लस केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग ठणकलं, उतरलं. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी, मग शहर. 1899 मध्ये त्याची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुल्कोवाल गाव. त्या दिवशी तिथे 107 जणांना लस टोचली, पाच बाटल्यांतून. त्यातल्या एका बाटलीवर 53-एन असा क्रमांक होता. त्या बाटलीतून टोचलेल्या 19 जणांना आठवडाभरात धनुर्वात झाला आणि एकोणीसच्या एकोणीस दगावले. बाकीचे 88 धडधाकट.

चौकशी समितीने ठपका ठेवला परळवर. हाफकिनने लस निर्जंतुक ठेवण्यासाठी घालायचं कार्बोलिक ॲसिड वगळून नुसत्या उष्णतेवर भिस्त ठेवली होती. हे खरंच होतं. पंजाबला लाखो मात्रा हव्या होत्या आणि या पद्धतीने उत्पादन झपाट्याने होत असे. पद्धत बदलली, माणसं मेली, तेव्हा पद्धत बदलणाराच दोषी. हे इतकं सरळ दिसतं की त्यापुढे बघायची कुणाला गरज वाटली नाही. हाफकिनला कामावरून दूर केलं गेलं. तो इंग्लंडला निघून गेला.

पुढे बघितलं असतं तर एक चिमटा दिसला असता.

मुल्कोवालला बाटलीचं बूच काढताना मदतनिसाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो ज्योतीवर धरून तापवायचा, असा नियम. त्याने कार्बोलिकच्या पाण्यात खळबळून तोच पुन्हा वापरला. ते आवार कसं असेल? ऑक्टोबर संपतोय, रांग लागलेली, गुरांच्या पायांखाली मळलेली माती, आणि धनुर्वाताचे जंतू राहतात ते नेमके अशाच मातीत. चिमटा पडायला किती वेळ लागतो? उचलायला तेवढाच. रांगेतल्या पुढच्या माणसाने दंड पुढे केलेला आहे, साहेब हात पसरून उभे आहेत. अशा वेळी पाण्यात खळबळणं ही त्या मदतनिसाच्या मते काळजीच होती. जंतू बाटलीत परळलाच शिरले असते तर ती बाटली भरून एक्केचाळीस दिवस झाले होते. एवढ्या मुदतीत ते वाढले असते आणि उघडताक्षणी दुर्गंधी सुटली असती. उघडणाऱ्या डॉक्टरला कसलाही वास आला नव्हता.

हे सगळं साक्षीपुराव्यात होतं. पण तो पुरावा सरकारी कपाटात. समितीचं काम आटोपल्यावर काही वर्षं गेली आणि कागद छापून लोकांसमोर यायला 1906 चा डिसेंबर उजाडला. ते बाहेर येताच शास्त्रज्ञांनी त्यांची चिरफाड केली. मलेरियावर नोबेल मिळवलेला रोनाल्ड रॉस हिरिरीने पुढे आला, आणि जुलै 1907 मध्ये 'टाइम्स'मध्ये दहा नामवंतांच्या सह्यांचं पत्र आलं. सरकारला हाफकिनला निर्दोष मानावं लागलं. त्याच 1907 साली हिंदुस्थानात प्लेगने दहा लाखांहून अधिक माणसं नेली. या मधल्या वर्षांत लसीवरचा किती विश्वास गेला आणि त्या अविश्वासाने किती माणसं गेली, याचा ठपका कुणावर ठेवायचा? चिमटेवाल्यावर? मला तरी ते पटत नाही. मी तो ठेवीन कपाट बंद करणाऱ्यावर.

हाफकिन परत आला, पण कलकत्त्याला, आणि परळची प्रयोगशाळा त्याला मिळाली नाही. संस्थेला त्याचं नाव दिलं 1925 मध्ये. 1930 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. त्या मदतनिसाचं मला फार वाटतं. त्याला कुणी फासावर द्या म्हटलं असतं तर मी आडवा पडलो असतो. पण 'जाऊ द्या, बिचारा' म्हणून चिमट्याचा उल्लेखच कुणी गाळला असता, तर त्याच दयेने हाफकिनचा गळा कायमचा आवळला असता. दया करायची तर चिमटा पडला हे आधी मोठ्याने सांगावं लागतं.

हाफकिनने जिथे सुरुवात केली त्याच जे. जे.मध्ये 1986 च्या जानेवारी-फेब्रुवारीत 14 रुग्ण दगावले. मेंदूवरचा किंवा डोळ्यातला दाब उतरवण्यासाठी त्यांना ग्लिसरॉल पाजलं जात होतं. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली. ग्लिसरॉल औषधी नव्हतं, कारखान्यात वापरायचं होतं, आणि त्यात तेच, डायइथिलिन ग्लायकॉल. इथेही सुरुवातीला सगळ्यांच्या नजरा वॉर्डाकडेच वळल्या असणार, कारण शेवटचा हात तिथलाच. चमचा तोंडाशी नेणारी परिचारिका.

पण या वेळी चौकशीला न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन बसले. मला त्यांच्या कामात भावतो तो त्यांचा रागीट चिवटपणा. ते वॉर्डातून निघाले आणि एकेक पायरी वर चढत गेले. ही बाटली आली कुठून? पुरवठादार कुणी निवडला? निविदा कुणी मंजूर केली? तपासणारी अन्न व औषध यंत्रणा काय करत होती? तिच्यावरचे मंत्री काय करत होते? 1988 मध्ये अहवाल जाहीर झाला तेव्हा त्यात वरपर्यंतच्या साहेबांची नावं होती. प्रत्येकाचा वाटा निरनिराळा. कुणी पैशासाठी डोळे मिटले, कुणी आळसाने, कुणी वरच्याला दुखवायला नको म्हणून. हे तिन्ही एका मापाने मोजता येत नाहीत, पण मोजायला तर हवेतच. (पुढे कोर्टकचेऱ्यांत त्या मोजमापाचं काय होतं, हा आपल्याकडचा वेगळाच अध्याय.)

कोविडनंतर आपण हिशेब फार घाईने मिटवला, असं मला वाटतं. लॉकडाउन मोडल्याबद्दल कलम 188 खाली लोकांवर गुन्हे नोंदले गेले होते. ते मागे घ्यायचं महाराष्ट्र सरकारने ठरवलं. योग्यच केलं. भाजीची हातगाडी घेऊन बाहेर पडलेल्याला आयुष्यभर पोलिसी दाखला का अडावा? पण त्याच झपाट्यात बाकीचं सगळंही 'काळच तसा होता' या एका वाक्यात बांधून आपण माळ्यावर टाकलं.

दुसऱ्या लाटेत माझे काका एका रुग्णालयात होते. रात्रीच्या सिस्टरांनी मला फोनवर झिडकारलं होतं: "तुम्ही एकटेच आहात का विचारणारे?" तो शब्द मी त्याच रात्री सोडून दिला, त्यांच्याकडे किती जण होते देव जाणे. वॉर्डबॉयने काकांचा चेहरा व्हिडिओवर दाखवायचे दोनशे रुपये घेतले. त्याचा मला राग आहे, पण पातळ झालेला. त्याचा पगार ठेकेदाराकडून थकलेला असायचा, हे नंतर कळलं. पण खाली मांडवात एक गृहस्थ बसत. इस्त्रीचा शर्ट, दोन मोबाइल. 'बेड होऊन जाईल' म्हणत आणि आकडा पाटीवर लिहावा तसा हवेत बोटाने काढून दाखवत, म्हणजे तोंडून काही गेलंच नाही. त्यांना माफ करायला मला कुणी सांगू नये. काका गेले. ते बेडअभावी गेले असं मी म्हणत नाही, कारण मला तसं सिद्ध करता येत नाही. आणि नेमकं तेच मला अजून खुपतं. त्या गृहस्थांच्या डोक्यावर कोण होतं, हे कुणी कागदावर लिहिलंच नाही. त्यामुळे माझा राग वॉर्डबॉयवर, सिस्टरवर, स्वतःवर फिरत राहतो. नेमका पत्ता नाही म्हणून सगळ्या दारांवर थापा मारणाऱ्या टपाल्यासारखा.

छिंदवाड्याच्या प्रकरणात खटले चालतील, जामीन होतील, नाही होतील. डॉक्टर कितपत दोषी हे न्यायालय ठरवील. माझं म्हणणं त्याआधीचं आहे. कारखान्यात आलेलं पिंप कुणी, कुठून विकत घेतलं, ते कुणी तपासायचं होतं आणि तपासलं नाही, कारखान्याच्या दारात निरीक्षक शेवटचा कधी आला होता, औषध राज्याच्या सीमा ओलांडून गावच्या दुकानात पोहोचेपर्यंत ते कुणाकुणाच्या सहीने पुढे सरकलं, हे सगळं नावनिशीवार लिहून काढा. आणि तो अहवाल सारांश न करता, पूर्णच्या पूर्ण, हिंदीत आणि मराठीत छापा. छिंदवाड्यातल्या परासियाच्या आईबापांना आणि नागपुरात त्या मुलांच्या उशाशी बसलेल्या परिचारिकांना तो स्वतः वाचता आला पाहिजे. मुल्कोवालला लागली तेवढी वर्षं लावू नका.