पत्रपेटीवरचे नाव

बडोद्याच्या मराठी घरांना परदेशी शिक्षणाचे आणि बँकेच्या व्यवहाराचे अप्रूप नाही. सयाजीराव महाराजांनी 1908 साली बँक ऑफ बडोदा स्थापन केली आणि 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. वर्गात हे सांगताना आमचा ऊर आजही भरून येतो. म्हणूनच 2025 च्या सप्टेंबरात आमची धाकटी कन्या उच्च शिक्षणासाठी जर्मनीतील लाइपझिगला निघाली, तेव्हा या बाबतीत कोणाला काही विचारावे असे आम्हांस मुळीच वाटले नाही.

तयारी आम्ही परीक्षेच्या वेळापत्रकाइतकी काटेकोर केली होती. जर्मनीचा व्हिसा मागणाऱ्या विद्यार्थ्याला बहुधा वर्षभराच्या निर्वाहाचे 11,904 युरो एका रोखलेल्या खात्यात आधीच भरावे लागतात. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन आणि सौभाग्यवतीच्या दोन बांगड्या मोडून आम्ही ते भरले. पैसे मुलीच्याच नावाचे. परंतु तिच्या हाती महिन्याला 992 युरोच यावयाचे, आणि तेही तिने तेथे चालू खाते उघडल्यावर. खाते उघडणे ते काय, असे आम्ही म्हणालो. छायाचित्र दिले, सही केली की झाले!

प्रत्यक्षात निराळेच घडले. बँकेने पत्त्याच्या नोंदणीचा दाखला मागितला. जर्मनीत नव्या घरात राहावयास गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगर कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी 2015 पासून घरमालकाचे सहीचे पत्र लागते. घरमालक म्हणत, अनामत रक्कम आधी बँकेतून पाठवा, मग खोली. खोलीसाठी खाते आणि खात्यासाठी खोली! लग्न झाल्यावाचून वेड जात नाही आणि वेड गेल्यावाचून लग्न होत नाही, ही आपली म्हण तिकडेही खरी ठरली. त्यातल्या त्यात फोन सोपा. 2017 पासून तेथे ओळख पटविल्याखेरीज सिमकार्ड चालू होत नाही. पण पासपोर्ट दाखविल्यावर ते काम झाले.

अडचण झाली ती तिच्या बडोद्याच्या सिमकार्डाची, आणि तिचे कारण आम्हीच होतो. परदेशात त्याचा काय उपयोग, असे म्हणून ते आम्ही आमच्याच फोनात ठेवून घेतले होते. ऑक्टोबरात एक खोली मिळाली. अनामत रक्कम तिच्या येथील खात्यातून पाठविली तरी चालेल, मात्र आजच हवी, असे मालक म्हणाला. तिकडे सकाळचे साडेआठ, आमच्याकडे दुपारचे बारा. शाळा सुटेपर्यंत सर्व शिक्षकांचे फोन कार्यालयातील कपाटात कुलूपबंद राहतील, हा नियम आमचाच, आणि तो आम्ही स्वतःलाही लावलेला. त्या कपाटात बँकेचा ओटीपी तीनदा आला आणि काही मिनिटांत तीनदा निकामी झाला. संध्याकाळी फोन उघडून पाहतो तो कन्येचे अकरा फोन येऊन गेलेले. खोली दुसऱ्याला गेली होती.

पुढचे बारा दिवस ती एका सहाध्यायिनीच्या खोलीत जमिनीवर निजली. हे तिने आम्हांला सांगितले नाही; तिच्या आईकडून मागाहून कळले. आम्ही क्षमा मागू लागलो तेव्हा ती एवढेच म्हणाली, "बाबा, तुमचा नियम बरोबरच आहे." तिने रागावून दोन शब्द ऐकविले असते तर बरे वाटले असते.

पुढे रोख अनामत घेऊन पावती देणारा मालक भेटला. पत्ता नोंदला गेला, खाते उघडले. तरी बँकेचे कार्ड येईना. तेथील पोस्टमन पत्रपेटीवरचे नाव पाहून टपाल टाकतो, आणि पेटीवर तिचे नावच नव्हते. पाकीट परत गेले होते. एका रात्री तिचा फोन आला : "बाबा, पेटीवर नाव चिकटवलं. आता मी इथं राहते असं वाटतंय."

ज्यांची मुले निघणार आहेत त्यांनी आमच्यापासून शहाणे व्हावे. येथील सिमकार्ड मुलाजवळच असू द्यावे आणि संदेश येण्यापुरते रोमिंग सुरू करावे. येथील बचत खाते नियमानुसार अनिवासी खात्यात बदलून घ्यावे. पहिल्या दोन महिन्यांचा खर्च फॉरेक्स कार्डावर निराळा ठेवावा. आणि पोहोचल्याबरोबर पत्रपेटीवर नाव लावावयास सांगावे.

त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जूनमध्ये दाहोदकडील एक गवंडी मुलीला घेऊन आमच्या शाळेत आला होता. "आधी जन्मदाखला आणा," असे सांगून आम्ही त्यास परत पाठविले होते. वयाच्या पुराव्याअभावी कोणत्याही बालकाला प्रवेश नाकारता येत नाही, हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यातील कलम आम्हांस पाठ आहे. तरीही आम्ही तसे बोललो, कारण समोर पालकांची रांग होती आणि कागद मागणे सोपे होते. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्या बांधकामावर गेलो. इमारत पुरी झाली होती. मजुरांची वस्ती उठून गेली होती. कोठे गेली, ते पहारेकऱ्यालाही सांगता आले नाही.

कपाटाचे कुलूप आम्ही काढले नाही. पण कार्यालयातील दूरध्वनीचा क्रमांक आता प्रत्येक शिक्षकाच्या घरी दिला आहे. आणि नवे मूल दारात आले की आम्ही आधी त्याचे नाव पटावर लिहितो. कागद मागाहून मागतो.