कवडसा

‘सनकॅचर’ला मराठीत काय म्हणायचं? भाषांतर हा माझा पोटापाण्याचा उद्योग, म्हणून लेकीने मलाच विचारलं. ‘सूर्यपकड’ म्हटलं तर हत्यार वाटतं.

भिलाईत, स्मृती नगरच्या घरी, आम्ही ते प्लास्टिकशिवाय केलं. पळसाच्या पाकळ्या टीपकागदात घालून जाड शब्दकोशांखाली दोन आठवडे दाबल्या. जाळी पडलेलं एक पिंपळपान पुस्तकात होतंच. जुन्या फोटोफ्रेमच्या दोन काचांमध्ये सगळं मांडलं, कडेने कागदाची पट्टी खळीने चिकटवली आणि सुती दोऱ्याने पूर्वेच्या खिडकीत टांगलं. खाली भंगारातल्या झुंबराचा लोलक.

‘लोलक’ शब्दाशी लेक अडली. तिच्या हिंदी पुस्तकात लोलक म्हणजे झुलणारा गोळा, म्हणजे आपला दोलक. नागपूरला माझ्या मराठी पुस्तकात लोलक म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी काच. तांबडा सर्वांत कमी वळतो, जांभळा सर्वांत जास्त. आमचा लोलक झुलतही होता आणि रंगही पाडत होता, तेव्हा दोघींचंही खरं ठरलं.

भिंतीवरच्या हलत्या उजेडाला मात्र तिच्याकडे शब्द नव्हता. मी म्हटलं, कवडसा. ती मराठी बोलते, वाचत नाही. तिचे शब्द माझ्या तोंडून जातील तेवढेच.

उन्हाने पाकळ्या विटतील. मग त्या कुंडीत घालू, फाल्गुनात पळस पुन्हा फुलेल. शब्दाचं तसं नाही. आता रोज सकाळी ती पडदा सारते आणि विचारते, “आई, कवडसा आला का?”