लाइन ओके, नाव गायब

घरच्या ब्रॉडबँडवर डीएनएस बिघडते तेव्हा इंटरनेट बंद पडत नाही, आणि घोळ तिथेच होतो. चालू व्हिडिओ चालू राहतो, व्हॉट्सॲपचे निरोप येत-जात राहतात. त्यांच्या जोडण्या आधीच लागलेल्या असतात. नवे पान उघडायला गेले की मात्र चक्र फिरत राहते. तेच पान पुन्हा उघडले, की क्षणात समोर.

डीएनएस ही व्यवस्था पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. नाव दिले की आकडी पत्ता शोधून द्यायचा, एवढेच तिचे काम. प्रश्न बहुधा यूडीपीवरून, ५३ क्रमांकाच्या पोर्टवर जातो. यूडीपीत पोच मिळत नाही. प्रश्न वाटेत हरवला तर विचारणारा नुसता थांबतो. लिनक्सवर हे थांबणे सहसा ५ सेकंदांचे असते.

इथे वर्णिलेली जोडणी पुण्यातल्या एका घरातली, फायबरची. दोष संध्याकाळी जास्त जाणवे, कारण घरातली सगळी माणसे तेव्हाच पाने उघडत. कस्टमर केअरचे पहिले उत्तर ठरलेले: राउटर बंद करून चालू करा. दुसरे उत्तर म्हणजे स्पीड टेस्ट. वेग पुरेपूर आला, ‘आमच्याकडून लाइन ओके आहे’ असे सांगून तक्रार बंद झाली. पुन्हा नोंदवली, पुन्हा स्पीड टेस्ट, पुन्हा बंद. स्पीड टेस्ट मोजक्या नावांचे पत्ते एकदाच विचारते आणि नंतर नुसता डेटा ओढते. पत्ता मिळायला लागलेला वेळ तिच्या आकड्यात येतच नाही. जे मोजलेच नाही ते निर्दोष ठरवायचे आणि ग्राहकाच्या लॅपटॉपवर संशय घ्यायचा, हा अन्याय पैशांचा नसला तरी चीड आणणारा आहे. घरी आलेल्या तंत्रज्ञानेही हिरवा दिवा पाहिला, पॉवर मोजली आणि सही मागितली. त्याचा तरी काय दोष? त्याच्या फॉर्मवर नावांच्या शोधासाठी रकानाच नव्हता.

दोष शोधायला दोनच साधने पुरली. आधी ८.८.८.८ या बाहेरच्या डीएनएस सर्व्हरला पिंग: उत्तरे न चुकता आली, म्हणजे वाट शाबूत. मग नावाचा पत्ता विचारणारा एनएसलुकअप आदेश, पण नावापुढे सर्व्हरचा पत्ता देऊन. हे महत्त्वाचे, कारण घरातली उपकरणे सहसा राउटरलाच, म्हणजे १९२.१६८.१.१ सारख्या पत्त्यालाच विचारतात, आणि तो प्रश्न पुढे कोणाकडे ढकलतो ते दिसत नाही. राउटरच्या स्टेटस पानावर कंपनीचे दोन डीएनएस सर्व्हर होते. पहिला तत्काळ बोलला, दुसरा गप्प. राउटर आलटून पालटून दोघांना विचारत होता. गप्प सर्व्हरकडे गेलेला प्रश्न अडके, नंतर बोलक्या सर्व्हरकडून उत्तर येई आणि राउटरच्या स्मरणात राही. दुसऱ्या वेळी पान लगेच उघडण्याचे रहस्य एवढेच.

उपकरणांना पत्ते देणाऱ्या राउटरच्या डीएचसीपीत १.१.१.१ आणि ८.८.८.८ हे बाहेरचे सर्व्हर भरल्यावर लॅपटॉप सुधारला, फोन मात्र अर्धवटच. राउटर आयपीव्ही६ च्या घोषणांतून डीएनएससाठी स्वतःचाच पत्ता वेगळा देत होता, आणि तिथून प्रश्न पुन्हा त्याच जुन्या जोडीकडे जात. ती वाट वेगळी बदलावी लागते, आणि कित्येक कंपन्यांच्या राउटरमध्ये ती सेटिंग ग्राहकाला दाखवतच नाहीत. अशा वेळी अँड्रॉइड ९ पासून मिळणारे प्रायव्हेट डीएनएस कामी येते. ते ८५३ पोर्टवरून, कूटबद्ध रूपात थेट बाहेर विचारते.

एवढा राग धरूनही कंपनीचा चालू सर्व्हर कायमचा टाकून देणे शहाणपणाचे वाटत नाही. व्हिडिओचे साठे बहुधा कंपनीच्याच जाळ्यात ठेवलेले असतात आणि तिच्या सर्व्हरला जवळचा साठा ठाऊक असतो. १.१.१.१ ग्राहकाच्या जाळ्याचा माग पुढे कळवत नाही, त्यामुळे कधी दूरचा साठा पदरी पडतो. म्हणून या घरात शेवटी कंपनीचा बोलका सर्व्हर आणि जोडीला एक बाहेरचा, अशी मांडणी ठरली. दुसरा पत्ता केवळ अडीअडचणीलाच वापरला जातो असे मात्र समजू नये. कित्येक उपकरणे क्रम पाळत नाहीत. म्हणून दोन्ही धडधाकट हवेत.

बदलानंतर प्रत्येक उपकरण वायफायवरून तोडून पुन्हा जोडावे, नाहीतर जुनेच पत्ते त्याच्याकडे राहतात. विंडोजवर आयपीकॉन्फिगच्या फ्लशडीएनएस आदेशाने साठवलेली उत्तरेही पुसावीत, आणि ब्राउझर एकदा पूर्ण बंद करावा.