सैतानाचे वाद्य आणि सन्मानाची संध्याकाळ

पुरस्काराच्या नावाकडे सहसा कोणी फारसे लक्ष देत नाही. लक्ष असते ते मानकऱ्याकडे. नॉर्वेच्या राष्ट्रीय संगीत-पुरस्काराचे नाव मात्र थांबून वाचावे असे आहे. ‘स्पेलेमानप्रीसेन’ म्हणजे स्पेलेमानचा पुरस्कार. आणि स्पेलेमान म्हणजे खेड्यातल्या लग्नात आणि नाचाच्या रात्री फिडल वाजवणारा माणूस. मराठीत ‘वाजंत्री’ या शब्दाला जो वास आहे, तोच बराचसा या शब्दालाही आहे. मंगलकार्य त्याच्यावाचून अडते. कार्य उरकले की त्याची आठवण कोणाला राहत नाही.

१९७२ सालच्या ध्वनिमुद्रणांपासून हा पुरस्कार दिला जाऊ लागला. ध्वनिमुद्रण-व्यवसायाच्या संघटना तो देतात, परीक्षकमंडळे निवड करतात आणि सोहळा दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचतो. पॉप, जॅझ, अभिजात, समकालीन, लोकसंगीत, बालगीते असे त्याचे अनेक विभाग आहेत. सर्वांत मोठा किताब ‘वर्षाचा स्पेलेमान’ हा. तो ज्याला मिळतो त्याने फिडल कधी हातात धरलेले असेलच असे नाही. यंत्रावर ध्वनी जुळवणारा एखादा तरुणही त्या दिवशी स्पेलेमान ठरतो. आधुनिक, संपन्न आणि इंग्रजीतही सहज गाणाऱ्या एका समाजाने आपल्या सर्वोच्च संगीतसन्मानासाठी हे खेडवळ नाव निवडावे, यात कृतज्ञता आहे असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु या नावाचा इतिहास उकलू लागले की कृतज्ञतेखाली दुसरेच काही हाती लागते.

नॉर्वेच्या पश्चिम भागातील हार्डांगर या फ्योर्डच्या प्रदेशावरून तेथील लोकवाद्याला ‘हार्डांगर फिडल’ हे नाव पडले. त्याचा सर्वांत जुना नमुना १६५१ सालचा मानला जातो. देखणे वाद्य आहे ते. कडांना शिंपल्याची जडणघडण, काळ्या शाईने रेखलेली वेलबुट्टी, आणि मानेच्या टोकाला सिंहाचे किंवा व्यालाचे कोरीव मुख. मात्र त्याचे खरे वैशिष्ट्य डोळ्यांना चटकन दिसत नाही. गज ज्यांवर फिरतो त्या चार तारांच्या खाली आणखी चार किंवा पाच तारा ताणलेल्या असतात. त्यांना गज कधीच स्पर्श करत नाही. वरची तार बोलली की त्या आपोआप झंकारतात. सतारीच्या किंवा सारंगीच्या तरफा ज्याने ऐकल्या आहेत त्याला हा गुंजारव परका वाटणार नाही. तारा जुळवण्याच्या वीसहून अधिक रीती या वाद्यासाठी प्रचलित होत्या, आणि प्रत्येक रीतीचा स्वभाव निराळा. काही रीती पहाटेच्या मानल्या जात, तर काहींना सैतानाच्या म्हणत.

सैतान या कथेत वारंवार येतो. धबधब्याखाली राहणारा जलपुरुष मांसाचा नैवेद्य घेऊन वादन शिकवतो, अशी समजूत होती. हालिंगदालच्या खोऱ्यातील एका लग्नात दोन पुरुष जीव घेण्याच्या ईर्ष्येने भिडले असताना तळघरात पिंपावर बसून सैतान स्वतः फिडल वाजवत होता, आणि त्याने वाजवलेली धून मागे उरली, अशी आख्यायिका आहे. ती धून आजही वाजवली जाते. लोककथेतला हा सैतान तसा ओळखीचा, जवळपास शेजारी. पण एकोणिसाव्या शतकात धर्मशुद्धीच्या चळवळी खेड्यापाड्यांतून पसरल्या आणि कथेतला सैतान एकदम खरा झाला. नाच, दारू, भांडणे आणि फिडल ही एकाच पापाची चार नावे ठरली. कित्येक वादकांनी वाद्ये जाळली, कित्येकांनी ती माळ्यावर दडवली, आणि काहींनी पश्चात्ताप होऊन ती स्वतःच्या हातांनी मोडली. बाहेरच्या शत्रूने जाळलेल्या वस्तूसाठी शोक तरी करता येतो. आपल्याच हातांनी, आपल्याच उद्धारासाठी जाळलेल्या वस्तूसाठी शोक करण्याची सोयही माणसाजवळ उरत नाही.

ते वाद्य वाचले कसे, हाही पाहण्यासारखा प्रकार आहे. तेलेमार्क भागात तोर्गेइर आउगुन्दसोन नावाचा वादक होता. १८०१ साली जन्मलेल्या या गरीब माणसाला सारे ‘मिल्लारगुटेन’, म्हणजे गिरणीवाल्याचा पोर, म्हणत. त्याने आपली कला सैतानाकडून मिळवली अशी वदंता होती. युरोपभर गाजलेला व्हायोलिनवादक ओले बुल याने १८४९ मध्ये त्याला राजधानीच्या रंगमंचावर आणले. ज्या शहरी श्रोतृवर्गाने खेड्यातले फिडल केवळ नाचाचा गोंगाट म्हणून ऐकले होते, त्याने ते प्रथमच खुर्चीत बसून, शांतपणे, तिकीट काढून ऐकले. पुढे मिल्लारगुटेनच्या परंपरेतल्या क्नूट दाले या वृद्ध वादकाने एडवर्ड ग्रीगला पत्र लिहून विनवले की, आपल्याबरोबर या धुना मातीत जाऊ नयेत. १९०१ मध्ये योहान हाल्वोर्सेनने त्याच्याकडून १७ धुना ऐकून स्वरलिपीत उतरवल्या आणि ग्रीगने त्यांवरून पियानोसाठी रचना केल्या. दरम्यान १८८८ मध्ये तेलेमार्कमधील ब्यो येथे फिडलवादनाची जाहीर स्पर्धा झाली, आणि अशा स्पर्धांची परंपराच सुरू झाली.

येथे एक सूक्ष्म सौदा झाला. स्पर्धेच्या मंचावर फिडलला प्रतिष्ठा मिळाली. पण नाचणारी पावले मंचाखाली राहिली. धून आता ऐकण्यासाठी वाजू लागली, तिचे शुद्ध-अशुद्ध ठरू लागले, तिला गुण मिळू लागले. त्याच काळात स्वतंत्र राष्ट्र होऊ पाहणाऱ्या नॉर्वेला स्वतःचा असा आवाज हवा होता. १९०५ मध्ये स्वीडनशी असलेला संयोग संपला, तोवर हार्डांगर फिडल राष्ट्राचे बोधचिन्ह होऊन बसले होते. ज्यांनी ते पाप म्हणून जाळले त्यांच्या नातवंडांनी ते अभिमानाने भिंतीवर लावले. स्पेलेमानच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार देणे हा या प्रवासाचा स्वाभाविक शेवट म्हणता येईल. केवळ एवढेच घडले असते तर ही एका परंपरेच्या पुनर्वसनाची समाधानकारक कथा ठरली असती.

परंतु नॉर्वेच्या भूमीत आणखी एक संगीत होते आणि त्याला राष्ट्राचे बोधचिन्ह होण्याचे भाग्य लाभणार नव्हते. उत्तरेकडे सामी लोकांची वस्ती आहे. त्यांच्या गायनप्रकाराला ‘योइक’ म्हणतात. योइकला आरंभ आणि शेवट नसतो. ते वर्तुळासारखे फिरत राहते. शब्द थोडे, कधी मुळीच नसतात. आणि महत्त्वाचे हे की, योइक कोणाविषयी गायले जात नाही. माणूस, लांडगा, डोंगर जो असेल तो योइकमधून प्रत्यक्ष उपस्थित केला जातो. ज्याचे योइक, त्याच्या मालकीचे ते, रचणाऱ्याच्या नव्हे.

धर्मप्रसारकांना हे भूतप्रेतांचे आवाहन वाटले. सामी ढोल जप्त झाले, जाळले गेले. आन्देर्स पोल्सेन या वृद्ध सामी माणसावर १६९२ मध्ये वाड्स्यो येथे चेटुकाचा खटला चालला. आपल्या ढोलावरील चित्रांचा अर्थ त्याने न्यायालयाला समजावून सांगितला, आणि निकाल लागण्यापूर्वीच तो कोठडीत मारला गेला. ढोल डेन्मार्कला नेण्यात आला. पुढे लेस्तादिउसच्या अनुयायांच्या कडव्या धर्मनिष्ठेत योइक हे सैतानाचे गाणे ठरले, आणि एकोणिसाव्या शतकात राज्यसंस्थेने नॉर्वेजियनीकरणाचे धोरण आरंभले तेव्हा शाळेत सामी भाषाही दाबली गेली. हा योगायोग ध्यानात ठेवावा असा आहे. ज्या दशकांत फिडलवरचा सैतान उतरवून त्याला राष्ट्राचा पोशाख चढवला जात होता, त्याच दशकांत त्याच राष्ट्राच्या शाळांत सामी मुलांच्या तोंडून त्यांची भाषा काढून घेतली जात होती. सैतान नाहीसा झाला नव्हता. त्याला फक्त दुसरे घर दिले गेले.

मारी बोइने या गायिकेचा जन्म १९५६ मध्ये काराशोकच्या परिसरातील अशाच एका श्रद्धाळू सामी घरात झाला. घरात भजने होती. योइकला मज्जाव होता. तिने पुढे ज्या संगीताचा ध्यास घेतला ते तिला आईवडिलांकडून वारशाने मिळाले नाही, तर वारसा नाकारण्याच्या त्यांच्या भीतीतून शोधावे लागले. १९८९ मध्ये तिची ‘गुला गुला’ ही ध्वनिमुद्रिका आली. या सामी शब्दांचा अर्थ ‘ऐक, ऐक’ असा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात काराशोक येथे सामी लोकांच्या संसदेचे उद्‌घाटन राजे पाचवे ओलाव यांच्या हस्ते झाले, आणि त्या वर्षाच्या ध्वनिमुद्रणांतून ‘गुला गुला’ला स्पेलेमानप्रीसेन मिळाले. ते मिळाले खुल्या विभागात. हा विभाग इतर कोणत्याही वर्गात सहज न बसणाऱ्या संगीतासाठी असे. त्या भूमीतील अतिप्राचीन गायनपरंपरेतून उगवलेल्या संगीताची जागा ‘कोठेच न बसणाऱ्यां’मध्ये निघावी, याला परीक्षकांचा दोष म्हणता येणार नाही, किंबहुना त्यांनी ती जागा काढली हेच मोठे. पण वर्गीकरणही कधी कधी इतिहास सांगून जाते.

पुरस्कार आणि योइक यांच्यात एक मूलभूत विसंगतीही आहे. पुरस्काराला कर्ता लागतो, कृती लागते, वर्ष लागते. योइकला यांतले काहीच मान्य नाही. एखाद्या आजीने नातवासाठी केलेले योइक जर नातवाचे असेल, तर त्याचा सन्मान कोणाला द्यावा? आधुनिक संस्कृती एखाद्या परंपरेला गौरवताना आधी तिला आपल्या भाषेत अनुवादित करते, आणि अनुवादात जे सुटते त्याची नोंद सन्मानपत्रावर होत नाही. फिडलकडून नाच सुटला. योइककडून त्याची मालकी सुटू शकते.

ही जाणीव सामी कलावंतांना नव्हती असे नाही. १९९४ मध्ये लिलेहामर येथे हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा उद्‌घाटन सोहळ्यात गाण्याचे निमंत्रण मारी बोइनेने नाकारले. आपल्या लोकांचा केवळ शोभेसाठी उपयोग होतो आहे, अशी तिची भावना होती. त्याच सोहळ्यात ज्येष्ठ सामी कवी आणि कलावंत नील्स-आस्लाक वाल्केआपा याने योइक गायले. ज्या गाण्याला शाळेच्या खोलीत जागा नव्हती ते साऱ्या जगाने ऐकावे, हेही एक उत्तरच होते. या दोन उत्तरांतले खरे कोणते, हा वाद निरर्थक आहे. अपमान दीर्घकाळ झालेला असला की सन्मान स्वीकारण्यात एक प्रकारची शंका राहते आणि नाकारण्यात दुसऱ्या प्रकारची हानी होते.

या कथेला आणखी एक विपरीत वळण आहे. १९९० च्या आसपास नॉर्वेत ‘ब्लॅक मेटल’ हा कर्कश संगीतप्रकार वाढला. पूर्वजांना ज्या सैतानाच्या आरोपाने वाद्ये जाळावी लागली, त्याच सैतानाचे नाव या तरुणांनी आपण होऊन कपाळी लावले. १९९२ मध्ये बर्गनजवळचे फान्टोफ्टचे प्राचीन काष्ठमंदिर जाळले गेले. इतरही चर्च जळाली, आणि काही तरुणांना पुढे तुरुंगात जावे लागले. या गुन्ह्यांना कलेचे नाव देण्याचे कारण नाही. पण कालांतराने मेटल संगीतालाही स्पेलेमानप्रीसेनमध्ये स्वतःचा विभाग मिळाला, आणि ‘एन्स्लेव्हड’सारख्या गुणी वाद्यवृंदाला तो सन्मान अनेकदा लाभला. फिडलला मंचावर येण्यास शतक लागले, योइकला शतके. मेटलला मात्र त्या मानाने फारच थोडा काळ पुरला. समाज अधिक उदार झाला असा याचा अर्थ लावता येईल. आवाज बाजारात आला की त्याची भीती लवकर संपते, असाही लावता येईल.

मग अशा सोहळ्याचे मोल काय? केवळ झगमगाट म्हणून त्याला मोडीत काढणे सोपे आहे आणि अन्यायाचे परिमार्जन म्हणून गौरवणेही सोपे आहे. खरे पाहता सन्मान ही समाजाने उशिरा दिलेली कबुली असते. कबुलीत दोन वाक्ये असावी लागतात: ‘हे मौल्यवान आहे’ आणि ‘ते आम्ही नाकारले होते’. सोहळ्यात पहिले वाक्य टाळ्यांच्या गजरात उच्चारले जाते. दुसऱ्यासाठी तेथे वेळ नसतो. ते अन्यत्र उच्चारावे लागते. नॉर्वेच्या संसदेने नेमलेल्या सत्यशोधन आणि समेट आयोगाने २०२३ मध्ये आपला अहवाल दिला आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेने सामी व इतर अल्पसंख्याकांची नॉर्वेजियनीकरणाबद्दल क्षमा मागितली. ‘गुला गुला’च्या सन्मानानंतर हे दुसरे वाक्य यायला पस्तीस वर्षे गेली.

आन्देर्स पोल्सेनचा ढोल २०२२ मध्ये अधिकृतपणे सामी लोकांच्या स्वाधीन झाला. आता तो काराशोकच्या संग्रहालयात आहे. तेथून फार दूर नाही अशा घरात एक मुलगी योइक न ऐकता वाढली होती. स्पेलेमानचे नाव घेऊन दरवर्षी जो सन्मान दिला जातो, त्याचा अर्थ या दोन गोष्टी एकत्र ठेवल्याशिवाय पुरता लागत नाही. हार्डांगर फिडलच्या खालच्या तारांना कोणी स्पर्श करत नाही, तरी वरचा स्वर त्यांच्यामुळेच भरून येतो. त्या काढून टाकल्या तरी वाद्य वाजेल. ऐकणाऱ्याला मात्र काहीतरी उणे आहे एवढे नक्की जाणवेल.