विद्यार्थ्याची मजुरी

विद्या आणि दारिद्र्य यांचा सहवास आपल्या देशात इतका जुना आहे की, ती दोघे एका छपराखाली दिसली तर कोणासही नवल वाटत नाही. गरीब विद्यार्थ्याने पोटाची व्यवस्था कशी करावी, याचीही एक रीत आपल्या समाजाने ठरवून टाकली होती. पुण्यास शिकावयास आलेला मुलगा माधुकरी मागे, अथवा सात घरी सात वार लावून जेवे. या रीतीने अनेकांचे शिक्षण पार पडले, आणि परक्याच्या पोरास आपल्या पंक्तीस बसवून घेणाऱ्या माउल्यांचे ऋण कोणीही नाकारू नये. परंतु त्या रीतीत दोन उणिवा होत्या. एक ही की, ती दारे सर्व जातींच्या मुलांस उघडी नव्हती. आणि दुसरी ही की, ज्यांस ती उघडी होती त्यांसही उंबरठा ओलांडताना मान थोडी लववावी लागे. सोमवारच्या घरी काय बोलावे आणि मंगळवारच्या घरी काय बोलू नये, हे ध्यानात ठेवणे हा त्या विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमाचाच एक भाग असे. मिळालेले अन्न आणि मिळवलेले अन्न या दोन शब्दांत फरक एखाद्या अक्षराचाच आहे. पण तो ज्याने सोसला त्यालाच ठाऊक.

हा फरक ओळखून त्यावर एक शिक्षणसंस्था उभी करण्याचे श्रेय कर्मवीर भाऊराव पाटील यांस आहे. १९१९ साली सातारा जिल्ह्यातील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली, १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले, आणि तेथे सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली, आपली कामे आपल्या हातांनी करू लागली. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा कष्ट करून शिकण्याची ही रीत महाविद्यालयापर्यंत पोहोचली. ‘कमवा व शिका’ हे तीन शब्द आज महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या परिपत्रकांत सर्रास आढळतात. पुणे विद्यापीठाच्या योजनेस तर भाऊरावांचेच नाव दिलेले आहे. या तीन शब्दांशी आमचा जो संबंध आला तो मात्र परिपत्रकातून नव्हे, तर डिंकाची बाटली आणि जुने फडके यांच्या द्वारे आला.

आम्ही शिकलो ते महाविद्यालय एका जिल्ह्याच्या गावी होते. तेथे काम मिळविणे ही गोष्ट काम करण्याहून कठीण होती. प्रथम तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला आणावयाचा. मग छापील अर्ज भरून त्यावर एका प्राध्यापकांची शिफारस घ्यावयाची. त्यानंतर तीन गुरुजनांच्या समितीपुढे उभे राहून आपण गरीब आहोत, परंतु आळशी नाही, हे पटवून द्यावयाचे. यांपैकी पहिली गोष्ट सिद्ध करण्यास दाखला होता. दुसरीस कोणताच दाखला नव्हता. शेवटी निवड झालेल्यांची यादी दर्शनी फळ्यावर लागली. परीक्षेच्या निकालात आपले नाव शोधणारा विद्यार्थी बोट ठेवून मोठ्याने वाचतो. या यादीतील नावे मात्र सर्वांनी दुरूनच वाचली. कित्येकांनी तर फळ्यापुढून दोनदा सहज म्हणून फेरी मारून तिसऱ्या फेरीस आपले नाव पाहिले.

आमच्या वाट्यास ग्रंथालय आले. कोणास बाग मिळाली, कोणास प्रयोगशाळेतील काचसामान धुण्याचे काम मिळाले, कोणास कचेरीत पावत्या लावण्याचे. रोज दोन तास, आणि मस्टरवर सही करावयाची ती काम संपल्यावर, आधी नव्हे. परत आलेली पुस्तके त्यांच्या त्यांच्या जागी लावणे, उसवलेल्या पुठ्ठ्यांस पट्टी चिकटविणे, नव्या पुस्तकांची दाखल नोंदवहीत नोंद करणे, आणि शीर्षकपृष्ठावर व ठराविक एका आतल्या पानावर शिक्का मारणे, असे ते काम होते. मराठी वाङ्मयाचा वर्गांक ८९१.४६, हा आकडा आम्हांस आमच्या घरच्या क्रमांकापेक्षा अधिक पाठ झाला. ड्यूई साहेबांनी साऱ्या विश्वाचे दहा भाग केले, आणि त्यांत आपल्या ज्ञानेश्वरांपासून आजच्या कवीपर्यंत सर्वांस दशांशचिन्हापुढील दोन आकड्यांत बसविले, याचे आम्हांस प्रथम वाईट वाटले. पण हरवलेले पुस्तक त्या आकड्यामुळे हातास लागले, तेव्हा रागही निवळला.

या कामात सर्वांत मोठा मोह पुस्तक उघडण्याचा. आमच्या ग्रंथपालांचा याविषयी एक अलिखित दंडक होता: कपाटाशी उभ्याने एक पान वाचण्यास हरकत नाही, दुसरे पान उलटावयाचे तर मस्टरवर सही करून, स्वतःच्या वेळात. या दंडकामुळे आमची शेकडो पुस्तकांशी एकेका पानाची ओळख झाली. आणि त्यांपैकी जी पुढे स्वतःच्या वेळात वाचली, ती कोणत्याही अभ्यासमंडळाने नेमलेली नव्हती. पुस्तकाच्या शेवटी चिकटविलेली तारखांची चिठ्ठी तर आम्ही कादंबरीप्रमाणे वाचीत असू. मार्गदर्शिकांच्या चिठ्ठ्या दर वर्षी भरून नव्या लावाव्या लागत. आणि शेजारच्याच कपाटात एखादा थोर ग्रंथ असा सापडे की, त्याच्या चिठ्ठीवर वीस वर्षांत एकही शिक्का उमटलेला नसे. महाविद्यालयात विद्या कोठे आहे आणि विद्यार्थी कोठे आहेत, याचा असा नकाशा वर्गात बसून आम्हांस कधीच दिसला नसता.

काम मिळविण्यापेक्षा ते टिकविण्यात शिक्षण अधिक असते. वर्गास न गेल्यास आपलेच नुकसान होते, असे गुरुजन सांगतात आणि विद्यार्थी ते मनावर घेत नाहीत. परंतु संध्याकाळी पाचास ग्रंथालयात आपण पोहोचलो नाही, तर देवघेवीच्या खिडकीपुढे पंधरा माणसे तिष्ठत राहतात. आपल्या न येण्याने कोणाचे तरी अडते, ही जाणीव विद्यार्थ्यास प्रथम होते ती अशा जागी. परीक्षेच्या दिवसांत रजा लागेल हे आधी आठवडाभर सांगावे, बदली म्हणून सोबत्याशी बोलून ठेवावे, केलेले काम कोणी पाहिले नाही तरी अर्धे सोडू नये, या गोष्टी दिसण्यास क्षुद्र आहेत; पण पुढे संसारात व नोकरीत यांहून वेगळे काय लागते?

आता या सर्व कथेतील जो भाग आम्हांस खरोखर सांगावयाचा आहे त्याकडे वळू. आम्ही हे काम करतो, ही वार्ता आमच्या मामांच्या कानी गेली, तेव्हा त्यांनी आमच्या आईस बोलावून घेतले व म्हटले, “ताई, घरात एवढे का अडले होते? मला एक शब्द टाकायचा होतास. पोराला कॉलेजात पुस्तके पुसायला लावून चार लोकांत शोभा कशाला?” मामांचे प्रेम खरे होते, पैसे देण्याची तयारीही खरी होती. भाच्याने मामाकडून पैसे घेण्यात कमीपणा नाही, पण ग्रंथालयाकडून मजुरी घेण्यात आहे, हे त्यांचे मतही तितकेच खरे होते. आईने उत्तर दिले, “दादा, तो घेतो ते कामाचे घेतो. तुझे घेतले तर ते फेडायचे कशाने?”

काही वर्षे लोटली. मामांचा नातू उच्च शिक्षणासाठी अमेरिकेस गेला. तेथे परदेशी विद्यार्थ्यास विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंत काम करण्याची मुभा असते. तो महिनाभर खेपा घालीत राहिला, आणि शेवटी भोजनगृहात त्यास जागा मिळाली. नेमणुकीचे पत्र मिळाल्यावर सोशल सिक्युरिटीचा क्रमांक काढावयाचा, तो मिळाल्यावर वेतनाची व्यवस्था, असे सर्व सोपस्कार त्याने पार पाडले. डोक्यास जाळीची टोपी आणि कमरेस अ‍ॅप्रन बांधून मोठमोठी पातेली धूत असलेले त्याचे छायाचित्र मामांच्या भ्रमणध्वनीवर आले. मामांनी ते येणाऱ्याजाणाऱ्यास कौतुकाने दाखविले. “आमचा नातू तिकडे स्वतःच्या पायांवर उभा आहे,” असे ते म्हणत. आणि ते अक्षरशः खरे होते, कारण त्या कामात चार चार तास बसावयास मिळत नसे.

मामांस हसण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. मामा म्हणजे आपण सर्वच आहोत. जी पातेली साता समुद्रांपलीकडे धुतली असता घराण्याचे नाव उजळते, तीच आपल्या गावच्या वसतिगृहात धुतली तर ते कसे काळवंडते? या प्रश्नाचे नेहमीचे उत्तर असे की, पाश्चात्त्य देशांत श्रमास प्रतिष्ठा आहे, आपल्याकडे नाही. हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. प्रतिष्ठा ही काही हवापाण्याबरोबर येणारी वस्तू नव्हे.

१६६१ साली न्यूटन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला, तो ‘सबसायझर’ म्हणून. फीमध्ये सवलत घेऊन त्या बदल्यात चाकरीची कामे करणाऱ्या विद्यार्थ्यांचा तो वर्ग होता. तेथे काम होते, परंतु प्रतिष्ठा नव्हती. कारण एका विद्यार्थ्याने कामे करावयाची आणि दुसऱ्याने ती करवून घ्यावयाची, अशी ती व्यवस्था होती. उलट, अमेरिकेतील केंटकी राज्यात १८५५ साली स्थापन झालेले बरीया कॉलेज पाहावे. १८९२ पासून तेथे शिकवणीची फी घेत नाहीत, आणि प्रत्येक विद्यार्थ्यास आठवड्यास निदान १० तास काम करावे लागते. तेथील बहुतेक मुले बेताच्या परिस्थितीतलीच असतात हे खरे. पण काम करणाऱ्याकडे नुसते पाहत उभा राहणारा तेथे कोणी नाही. म्हणून त्या कामाचा शिक्का कोणाच्याच कपाळी बसत नाही. हॅम्प्टन येथील संस्थेत १८७२ साली गुलामगिरीतून सुटलेला एक तरुण प्रवेश मागण्यास आला, तेव्हा त्यास एक खोली झाडण्यास सांगितले गेले. त्याने ती तीनदा झाडली, चारदा पुसली, आणि त्या परीक्षेत तो उत्तीर्ण झाला. पुढे झाडलोटीचे काम करूनच तो तेथे शिकला. तो तरुण म्हणजे बुकर वॉशिंग्टन. या गोष्टीत झाडूपेक्षा त्या शिक्षिकेची दृष्टी अधिक मोलाची आहे. तिने झाडूस दारिद्र्याची खूण मानले नाही, योग्यतेची मानले.

तात्पर्य, फरक देशाचा नसून व्यवस्थेचा आहे. आमच्या महाविद्यालयात काम मिळविण्यासाठी दारिद्र्याचा दाखला लागे, म्हणून ते काम हाच दारिद्र्याचा दाखला झाला. गरजू मुलास अग्रहक्क असावा, याविषयी दुमत नाही. परंतु त्याच्या शेजारी डॉक्टरांची मुलगी आणि वकिलांचा मुलगाही फडके घेऊन उभे राहिले, तर फळ्यावरची ती यादी कोणासही दुरून वाचावी लागणार नाही.

व्यवस्थेचे दुसरे अंग म्हणजे वेतन. आमच्या वेळी महिन्याची मजुरी दोन दोन महिने हातास येत नसे. अनुदान आले नाही, सही व्हावयाची आहे, पुढल्या आठवड्यात पाहू, अशी उत्तरे कचेरीतून मिळत. ज्याचे जेवणाचे पैसे त्यातून द्यावयाचे, तो खाणावळीच्या दारातून पुन्हा मान लववून आत शिरे. वेळेवर न दिलेली मजुरी उपकारासारखी दिसू लागते, आणि ज्या माधुकरीतून विद्यार्थ्यास सोडवावयाचे तीच मागल्या दाराने परत येते. अमेरिकेत १९६४ च्या कायद्याने सुरू झालेल्या योजनेतून तेथील गरजू विद्यार्थ्यांच्या अशा वेतनाचा मोठा हिस्सा केंद्र सरकार उचलते. आपल्याकडेही योजना आहेत. त्यांतील रकमेपेक्षा तिची तारीख पाळली जावी, एवढेच आमचे मागणे आहे.

एक आक्षेप मात्र विचारात घेण्याजोगा आहे. काम केल्याने अभ्यास बुडतो, असे पालक म्हणतात. तास फार झाले तर तो बुडतो, यात शंका नाही. विद्यार्थ्याने मजूर व्हावे, पण मजुराने विद्यार्थी राहू नये इतके काम त्यास देणे हा अन्याय होय. रोजचे दोन तास ही मर्यादा आम्हांस पुष्कळ वाटते. ते दोन तास नसते तर आम्ही अभ्यासच केला असता, असे छातीवर हात ठेवून सांगणारा विद्यार्थी आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

ज्यास असे काम हवे असेल त्याने सत्राच्या आरंभीच विद्यार्थी विकास विभागात चौकशी करावी. फळ्यावर सूचना लागण्याची वाट न पाहता ग्रंथालय, प्रयोगशाळा, वसतिगृह यांच्या प्रमुखांस स्वतः जाऊन भेटावे, आणि जाताना आपले वेळापत्रक बरोबर न्यावे. ‘कधीही येईन’ म्हणणाऱ्यापेक्षा ‘मंगळवारी चार ते सहा येईन’ म्हणणाऱ्यावर लोक अधिक विश्वास ठेवतात.

आणि पालकांस एवढीच विनंती की, यंदा मुलास वा मुलीस महाविद्यालयात घालताना फीच्या पावतीबरोबर ही चौकशीही करावी. गरज असो वा नसो. मुलास पैसे लागणार नाहीत कदाचित. पण ज्या वास्तूत आपण तीन-चार वर्षे राहणार, तेथले एखादे कपाट आपण पुसलेले आहे आणि त्याचे मोल घेतलेले आहे, हे समाधान घरून पाठविलेल्या पैशांनी विकत मिळत नाही.