घरचे वाचक

'सत्तांतर' आईनं अर्ध्यावरच मिटलं. नव्या हुप्प्यानं पिल्लं मारायला घेतली, तिथंच. "माकडांचं कसलं, भाऊबंदकीच आहे ही!" व्यंकटेश माडगूळकरांना १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार याच पुस्तकासाठी मिळाला, हे सांगून काही उपयोग नव्हता. लेकीला मात्र विलास मनोहरांचं 'नेगल' जीव की प्राण. हेमलकशात माणसांत वाढलेला बिबट्या तिला घरातलाच वाटतो. आपणही एक पाळू म्हणते. (इथं गॅलरीतल्या बोक्याचे नखरे आवरत नाहीत.)

माझा कौल 'सत्तांतर'लाच. माडगूळकरांनी वानरांना नावं दिली, पण त्यांचे लाड केले नाहीत. जे दिसलं ते कोरडेपणानं मांडलं. आईला हे मुळीच पटत नाही. तिला आपली 'बनगरवाडी'तली मेंढरंच बरी वाटतात.