उसने खेळाडू
इंग्लंडच्या कनिष्ठ फुटबॉल साखळ्यांत पूर्वी दुखापतींनी संघ खिळखिळा झाला, की मोठ्या क्लबाकडून खेळाडू २८ ते ९३ दिवसांसाठी उसना मिळे. जागतिक महासंघाच्या आग्रहामुळे २०१६-१७ च्या हंगामापासून ही सोय बंद झाली. आणीबाणीत गोलरक्षक तेवढा सात दिवसांकरिता घेता येतो. गरीब क्लब हळहळले, होतकरू पोरांची संधीही हुकली. तरी आम्हांस हा निर्बंध पटतो. आमच्या शाळेत तात्पुरत्या नेमणुकीचे शिक्षक येतात. मुलांची नावे पाठ होतात न होतात तोच परतीचा हुकूम निघतो. वर्ग रिकामा राहणे वाईटच. परंतु मुले जीव लावतात ती टिकणाऱ्या माणसाला. उसन्या पिठाने एका वेळची भाकरी भागते. कणगी भरत नाही.